आधी बाईंनी अडखळून दाखवावं

प्रश्न थोडक्यात असा: जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला मराठी आणि विज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षिकेनं विचारलंय की मुलं धडा घडाघडा वाचतात, पण "काय वाचलंस?" म्हटलं की पुस्तकातली ओळच परत वाचून दाखवतात. प्रशिक्षणात परस्पर अध्यापनाबद्दल, म्हणजे मुलांनीच आळीपाळीनं शिक्षक होऊन उतारा उलगडण्याच्या रेसिप्रोकल टीचिंग या पद्धतीबद्दल, ऐकलं. चौघा-चौघांचे गट केले, चार भूमिका वाटल्या, दोन आठवडे चालवलं. गोंगाट झाला, आकलन होतं तिथंच राहिलं. पटावर ४१ मुलं, ३५ मिनिटांची तासिका, आणि अभ्यासक्रम संपवायचा आहेच. मग पद्धत सोडून द्यावी का?

मॅडम, सोडू नका. पण तुम्ही जे दोन आठवडे केलंत ते बाजूला ठेवा. मी स्वतः तेच केलं होतं, म्हणून हक्कानं सांगते.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात मी २६ वर्षं उच्च प्राथमिकला शिकवलं. पहिल्या वेळी मी चार रंगांची कार्डं केली: भाकीत, प्रश्न, स्पष्टीकरण, सारांश. पदरचे पैसे घालून लॅमिनेशनही करून आणलं. तपासणीला आलेले साहेब कार्डं बघून खूश झाले, फोटो निघाले. वर्गात काय चाललं होतं? भाकीतवाला सुरुवातीला एक वाक्य बोलून मोकळा व्हायचा आणि उरलेला वेळ बाकावर नखानं रेघोट्या मारत बसायचा. सारांशवाला शेवटी आपली पाळी येईल म्हणून तोवर ऐकायचाच नाही. स्पष्टीकरणवाला उताऱ्यातला सगळ्यांत लांब शब्द शोधून काढायचा, कारण त्याला वाटायचं की लांब शब्द म्हणजे अवघड शब्द. चौघं चार कामं करत होती आणि वाचत कुणीच नव्हतं.

नंतर मूळ काम काय होतं ते नीट वाचल्यावर चूक लक्षात आली. ही पद्धत अ‍ॅनमेरी पॅलिन्सार आणि अ‍ॅन ब्राउन या दोघींनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात काम करताना मांडली. त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९८४ चा, आणि तोही सातवीच्याच मुलांवरचा. त्यात कामांची वाटणी नव्हती. एका परिच्छेदापुरता एक जण "शिक्षक" व्हायचा, आणि त्या परिच्छेदावरची चारही कामं त्यालाच करावी लागायची: प्रश्न विचारायचा, थोडक्यात सांगायचं, जिथं अडलं ते सोडवायचं, पुढं काय येईल ते सांगायचं. पुढच्या परिच्छेदाला दुसरा शिक्षक. खरी शिक्षिका बाजूला बसलेली, पण गप्प नव्हे. अडलं तिथं हात देणारी आणि रोज थोडा हात काढून घेणारी. भूमिकांची कार्डं ही नंतर आलेली सोय आहे. सोय म्हणून वाईट नाही, पण तिनं सुरुवात केली की चार गोष्टी चार डोक्यांत विखुरतात. वाचणाऱ्याच्या डोक्यात मात्र त्या एकाच वेळी चालायला हव्यात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्यांनी मुलं निवडली होती ती नेमकी तुमच्या वर्णनातली: अक्षरओळख पक्की, वाचनाचा वेग बरा, पण आकलन इयत्तेच्या बरंच मागं. सुरुवातीला उताऱ्यावरच्या प्रश्नांत साधारण ३० टक्के बरोबर आणणारी ही मुलं सुमारे २० दिवसांच्या, रोज अर्ध्या तासाच्या संवादानंतर ७०-८० टक्क्यांपर्यंत पोचली, आणि आठ आठवड्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही फार घसरली नव्हती. हे आकडे आपल्या प्रशिक्षणांत मोठ्या तोंडानं सांगतात. ज्यांना मुळात वाचताच येत नाही त्यांच्यासाठी ही पद्धत नव्हती, हे मात्र सांगायचं राहून जातं. असर या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीच्या २०२२ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या आठवीच्या जवळपास ३० टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला नव्हता. तुमच्या ४१ मध्येही अशी काही असतील. म्हणून पहिल्या आठवड्यात मुलांकडून या पद्धतीतलं काहीही करून घेऊ नका. मधल्या सुट्टीत, परिपाठानंतर, जमेल तेव्हा एकेकाला जवळ घेऊन न वाचलेला शंभर शब्दांचा उतारा मोठ्यानं वाचायला लावा. जो जोडाक्षराला अडतो, ओळ सुटते, बोट ठेवल्याशिवाय पुढं जात नाही, त्याला वाचनाचा वेगळा सराव लागेल. त्याला संवादातून बाहेर काढू नका. उतारा कुणीतरी वाचून दाखवल्यावर तो चर्चेत बसू शकतो, कित्येकदा इतरांपेक्षा चांगला बोलतो. पण या पद्धतीनं त्याचं वाचन सुधारेल अशी आशा धरू नका.

आता मूळ दुखण्याकडे येते. आपण मुलांना प्रश्न विचारायला सांगतो, सारांश सांगायला सांगतो, पण एखादा माणूस वाचताना डोक्यात हे कसं करतो ते त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. आईला चपाती लाटताना पाहून मूल चपाती शिकतं. वाचन दिसत नाही. बाई वाचतात तेव्हा मुलांना फक्त ओठ हलताना दिसतात आणि न अडखळता येणारा आवाज ऐकू येतो. त्यावरून ती अनुमान काढतात की न अडखळणं म्हणजेच चांगलं वाचन. ती घडाघडा का वाचतात, तर आपल्याकडून तेवढंच शिकली म्हणून.

म्हणून पहिले चार-पाच दिवस बोलायचं तुम्हीच, आणि तेही अडखळत. खोटं अडखळणं मुलं लगेच ओळखतात, तेव्हा खरोखर अडाल असाच उतारा निवडा. मी एकदा तिवरांवरचा, म्हणजे खारफुटीच्या झाडांवरचा, छोटा उतारा घेतला होता. स्वतःच लिहिला होता, तो पुढेही लागेल म्हणून इथे देते:

"भरतीच्या वेळी खाडीकाठची तिवरं निम्मी पाण्यात उभी असतात. ओहोटी लागली की भोवतीचा काळा चिखल उघडा पडतो. या चिखलात हवा जवळजवळ नसते. म्हणून तिवराची काही मुळं उलटी वाढतात. चिखलातून बोटांसारखी वर येतात. ती हवा घेतात. त्यांना श्वसनमुळं म्हणतात. पाण्यातून आत आलेलं जादा मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतं."

हा उतारा मी वाचून दाखवला असता तर पंचवीस सेकंदांत संपला असता. त्याऐवजी मी असं वाचते: "तिवराची काही मुळं उलटी वाढतात… थांबा. मुळं तर खाली जातात ना? मी चुकीचं वाचलं का? परत बघते. नाही, 'वर येतात' असंच लिहिलंय. मग का बरं? आधीच्या वाक्यात काय होतं? चिखलात हवा नसते. अच्छा, म्हणजे हवेसाठी वर येत असावीत. पुढं वाचते, खरं निघतंय का बघू. 'ती हवा घेतात.' ती म्हणजे कोण? बोटं? बोटांसारखी म्हटलंय, बोटं नाहीत. ती म्हणजे मुळं. बरोबर." याला सात-आठ मिनिटं जातात. मुलं सुरुवातीला एकमेकांकडे बघतात, बाईंना आज झालंय काय म्हणून. तिसऱ्या दिवशी एखादं मूल न राहवून मध्येच म्हणतं, "बाई, मागं बघा, मागं लिहिलंय." तिथून तुमचं काम सुरू झालं म्हणायचं.

हे वर्गासमोर करायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. आपल्याकडे शिक्षकानं न अडखळणं हाच अधिकार मानला जातो. तो संकोच गिळायला मला एक सत्र लागलं.

मग पाच मुलं वर्गाच्या मधोमध सतरंजीवर घ्या, बाकीची भोवती. पाचांत सगळी हुशार घेऊ नका. दोन बोलकी, दोन मध्यम, एक गप्प. तुम्हीही त्यांच्यातच खाली बसा. खुर्चीवर बसलात तर सगळे तुमच्याकडे बघून बोलतील. तिसऱ्या आठवड्यातला एक प्रसंग सांगते, उतारा वरचाच, वर्ग मात्र दुसऱ्या वर्षीचा. एक मुलगी "शिक्षिका" होती.

"माझा प्रश्न. श्वसनमुळं कशाला म्हणतात?"

सगळे एका सुरात: "चिखलातून वर येणाऱ्या मुळांना!"

एक मुलगा म्हणाला, "हा बोटाचा प्रश्न झाला." हा आमच्या वर्गातला शब्द. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर पुस्तकात बोट ठेवता येतं तो बोटाचा प्रश्न. तो वाईट नाही, पण एका परिच्छेदाला एकच.

ती जरा थांबली. "बरं. मुळं उलटी का वाढतात?"

"हवा नसते म्हणून."

"कुठं नसते?"

"चिखलात. वर असते की."

"कुणी अडलं का?" तिनं विचारलं. कुणीच नाही. ती पुढं जाणार तेवढ्यात मी म्हटलं, "मी अडले. 'भरतीच्या वेळी' म्हणजे नक्की कधी?"

खिडकीजवळचा मुलगा सहज बोलून गेला, "मैदानी चाचणी असते तेव्हा."

कुणी हसलं नाही. दोघा-तिघांनी तर माना डोलावल्या. त्याचा थोरला भाऊ रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळायला जायचा; आमच्या भागात प्रत्येक वाडीवर पोलीस भरतीची तयारी करणारं एक तरी पोरगं असतंच. मी विचारलं, "मग झाडं पाण्यात का उभी?" तो म्हणाला, "पावसाळ्यात निघाली असंल भरती."

त्याला दोष देऊ नका. त्यानं माहीत असलेला अर्थ घेतला, विसंगती दिसल्यावर ती सांधण्यासाठी कारणही शोधलं. डोकं चालत होतं, दिशा चुकली होती. मग शिक्षिका झालेल्या मुलीनं स्वतःहून दुसरी ओळ वाचली. "ओहोटी म्हणजे काय? मी तो शब्द सोडूनच दिला होता." एक जण म्हणाला, "भरती आणि ओहोटी जोडीनं आल्यात. एक आली तर पाणी, दुसरी आली तर चिखल उघडा." भोवतीच्या घोळक्यातली एक मुलगी सहलीला गणपतीपुळ्याला जाऊन आली होती, तिनं समुद्राचं पाणी कसं चढतं ते हातवारे करून सांगितलं. खिडकीवाला म्हणाला, "मग तसं लिहायचं ना, समुद्राची भरती."

या चार मिनिटांसाठी मी ही पद्धत करते. मी नेहमीसारखं "कळलं का रे?" विचारलं असतं तर सगळ्या वर्गातून "हो बाई" आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं, त्यांना कळल्यासारखंच वाटत होतं. "कठीण शब्द अधोरेखित करा" म्हटलं असतं तर श्वसनमुळं अधोरेखित झाला असता, जो उताऱ्यातच समजावून दिलाय. भरती कुणीच अधोरेखित केला नसता. अनोळखी शब्द मुलं निदान ओळखतात. ओळखीचा शब्द अनोळखी अर्थानं आला की ती तोंडावर पडतात आणि पडलोय हे त्यांना कळतही नाही. विज्ञानातलं कार्य, बल आणि क्षेत्र, इतिहासातली सनद, नागरिकशास्त्रातलं सभागृह आठवा. आपल्या पुस्तकांत असे शब्द पानोपानी आहेत.

त्यामुळे चार कामांत स्पष्टीकरण हे सगळ्यांत अवघड. त्याला मी "अडलं कुठं" म्हणते, कारण स्पष्टीकरण म्हटलं की मुलांना वाटतं आपण काहीतरी समजावून द्यायचंय. इथे समजावण्याआधी कबूल करायचं असतं. आणि अडलो हे कबूल करणं आपल्या शाळांत महाग पडतं. हसं होतं, कधी बोलणी बसतात. म्हणून आमचा एक नियम होता: शिक्षक झालेल्यानं निदान एक अडलेली जागा सांगितलीच पाहिजे. नसेल तर "हे लहान भावाला वाचायला दिलं तर तो कुठं अडेल?" हे सांगायचं. भावाच्या नावावर मुलं स्वतःचं सगळं सांगून टाकतात. आणि अडलं की काय करायचं याचे रस्ते मोजकेच: मागची ओळ परत वाच, पुढच्या दोन ओळी वाचून बघ, शब्द फोडून बघ (श्वसन अधिक मूळ), 'ती', 'तो', 'त्यामुळे' हे कुणाबद्दल आहे ते बोटानं दाखव, आणि एवढं करूनही सुटलं नाही तर विचार. मराठीत सर्वनामांची ही गडबड आपण समजतो त्यापेक्षा फार मोठी आहे. 'ती' म्हणजे एक मुलगी असू शकते, एक नदी असू शकते आणि अनेक मुळंही असू शकतात.

प्रश्नांबद्दल. पहिले काही दिवस मुलं कोण, कधी, कुठं यापलीकडे जात नाहीत. त्यांचा दोष नाही, आयुष्यभर एका वाक्यात उत्तरे लिहिलीत. काहींना तर प्रश्नच जुळवता येत नाही. पॅलिन्सार आणि ब्राउन यांच्या निबंधात चार्ल्स नावानं एका मुलाचे संवाद दिलेत. पहिल्या दिवशी सापांवरचा परिच्छेद वाचून तो प्रश्न करायला जातो आणि वाक्याच्या मध्येच घसरतो, मला जमत नाही म्हणतो. शिक्षिका प्रश्न करून देत नाही लगेच. आधी त्या सापांबद्दलच विचारायचंय का म्हणते, मग 'का'नं सुरुवात करून बघ म्हणते, तरी जमेना तेव्हा स्वतः प्रश्न तयार करून त्याला म्हणायला लावते. पंधराव्या दिवसापर्यंत तोच मुलगा शास्त्रज्ञ दक्षिण ध्रुवावर अभ्यासाला का येतात असा नेमका प्रश्न एका दमात विचारतो. मला या उदाहरणातला मदतीचा उतरता जिना महत्त्वाचा वाटतो. आज पूर्ण प्रश्न दिला असेल तर उद्या फक्त सुरुवातीचा शब्द द्या, परवा फक्त "कशाबद्दल आहे हे?" एवढंच, आणि त्यानंतर गप्प बसून मनातल्या मनात दहा आकडे मोजा. हे दहा आकडे मोजणं या पद्धतीतलं शिक्षकाला सगळ्यांत जड जाणारं काम आहे. सातपर्यंत आल्यावर आपली जीभ वळवळायला लागते.

सारांशाला आपल्याकडे व्याकरणाच्या पुस्तकानं बिघडवून ठेवलंय. उताऱ्याच्या एक तृतीयांश शब्द, शीर्षक द्या, वगैरे. इथे ते काही नको. मी सांगायचे, "आज गैरहजर असलेल्याला मोबाईलवरून सांगतोयस, बॅलन्स एका वाक्याचाच उरलाय." आणि घरच्या बोलीत सांगू द्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं वरच्या उताऱ्याचा सारांश "मुळ्या वर येत्यात, वारं घ्याया" एवढाच केला होता. प्रमाण भाषेतल्या अर्ध्या पानापेक्षा मला तो चांगला वाटला, कारण हे वाक्य पुस्तकातून उचललेलं असण्याची शक्यताच नाही. बोलीत सांगायचं म्हणजे आधी समजावंच लागतं. तिथल्या तिथे "येत्यात नाही, येतात" असं दुरुस्त केलंत तर पुढच्या वेळी ती मुलगी पुस्तकातलीच ओळ वाचून दाखवेल.

भाकिताबद्दल माझं मत थोडं कडक आहे. पाठ्यपुस्तकातल्या धड्यावर भाकीत करायला लावणं हा नाटकीपणा आहे. जूनमध्ये पुस्तकं मिळाली की चित्रं बघून झालेली असतात, थोरल्या बहिणीनं तोच धडा केलेला असतो, घरी गाईड असतं. "पुढं काय होईल?" विचारलं की मूल आठवून सांगतं. भाकीत करायचं तर न वाचलेला मजकूर हवा. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक यासाठी फार उपयोगी. वर्तमानपत्रातली शेती-हवामानाची बातमी चालते. आणि कधी कधी स्वतः दहा ओळी लिहा, तुमच्या मुलांना काय माहीत नाही हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? भाकीत बरोबर निघालं की नाही याला शून्य महत्त्व द्या. "कशावरून?" एवढंच विचारा, आणि वाचून झाल्यावर त्याच मुलाला आपलं भाकीत तपासायला लावा.

कविता मात्र या चौकटीत घालू नका. एकदा मी घातली होती. दोन कडव्यांत मुलांनी कवितेचं पार पंचनामा केलेलं जनावर करून टाकलं.

आता ४१ मुलांचं आणि ३५ मिनिटांचं. आठवड्यातून तीन तासिका, प्रत्येकी पहिली वीस-पंचवीस मिनिटं, विज्ञान आणि इतिहास-भूगोलालाच प्राधान्य. मराठीपेक्षा तिथे ही पद्धत जास्त फळते, कारण तिथला मजकूर खरोखर दाट असतो. मूळच्या वीस बैठकी गाठायला जवळपास सात आठवडे लागतील. जुलैत सुरू केलंत तर सहामाहीच्या गडबडीआधी एक फेरी होते. पहिले तीन आठवडे तुमचं वाचून दाखवणं आणि मधली पाच जणांची सतरंजी. पाच जण रोज बदलत राहा. भोवतीच्यांना नुसतं बघायला बसवू नका, त्यांनी पाटीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर शिक्षकाचा प्रश्न बोटाचा की बिनबोटाचा एवढंच लिहायचं. त्यानंतर पाच-सहा जणांचे गट करण्याऐवजी मी सरळ बाकावरच्या जोडीवर आले. बाक हलवावे लागत नाहीत, कुणी लपू शकत नाही, आणि आवाज होतो तो कुजबुजीचा. एक परिच्छेद एकानं चालवायचा, पुढचा दुसऱ्यानं. जोड्या लावताना उत्तम आणि अगदी कच्चा अशी सांगड टाळा. उत्तमवाला सगळं बोलून टाकतो. उत्तम-मध्यम आणि मध्यम-कच्चा अशा लावा.

गोंगाटाबद्दल शेजारच्या वर्गाच्या सरांची तक्रार येईल. माझ्याकडेही आली होती. त्यांना एकदा सतरंजीवर बोलावलं, शिक्षक झालेल्या मुलीनं त्यांना "सर, तुम्ही कुठं अडलात?" विचारलं. ते खरंच अडले होते.

अभ्यासक्रम मागं पडतो का? पहिले दीड-दोन महिने, हो, थोडा पडतो. मी प्रत्येक धड्यातला सगळ्यांत दाट एक-दोन परिच्छेद या पद्धतीनं घ्यायची आणि उरलेला धडा नेहमीच्या गतीनं. संपूर्ण धडा असा करायचा हट्ट धरलात तर डिसेंबरात पाचव्या पाठावर असाल.

परीक्षेत गुण किती वाढतील हे मुख्याध्यापक विचारतीलच, तर आधीच सांगून ठेवा. रोझेनशाइन आणि माइस्टर यांनी १९९४ मध्ये या पद्धतीवरच्या १६ अभ्यासांचा आढावा घेतला. संशोधकांनी स्वतः बनवलेल्या चाचण्यांवर मध्यक परिणाम (इफेक्ट साइज, म्हणजे पद्धतीनं किती फरक पडला याचं माप) ०.८८ निघाला, म्हणजे चांगलाच मोठा. पण सर्वसाधारण प्रमाणित चाचण्यांवर ०.३२, म्हणजे बेताचा. मला याचं आश्चर्य वाटत नाही. एक तृतीयांश प्रश्न जर पुस्तकातली ओळ उतरवून सुटत असतील तर आकलन वाढलेलं त्या पेपरात दिसणार कुठं? म्हणून मोजमाप तुमचं तुम्ही करा. सुरू करण्याआधी आणि सात आठवड्यांनी, न वाचलेला साधारण तीनशे शब्दांचा उतारा, त्यावर सहा प्रश्न, त्यांतले चार बिनबोटाचे. दोन्ही उतारे सारख्याच अवघडपणाचे हवेत, नाहीतर फसगत होते. आणि पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात एका गटाचं दोन मिनिटं मोबाईलवर रेकॉर्डिंग करून घरी निवांत ऐका. मी ऐकलं तेव्हा पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये निम्म्याहून जास्त वेळ माझाच आवाज होता. वर्णनात्मक नोंदींसाठीही हे सोन्यासारखं आहे: 'वाचन चांगले आहे' ऐवजी 'अर्थ न जुळल्यास मागील वाक्य स्वतःहून पुन्हा वाचतो' असं लिहिता येतं.

पुन्हा सुरुवात करायची तर कार्डं कपाटात ठेवा, या सोमवारी एकच परिच्छेद घ्या आणि त्यावर फक्त तुम्ही अडखळा. तिवरांचा उतारा वापरायला माझी हरकत नाही. फक्त तुमची शाळा कोकणात असेल तर तो उपयोगाचा नाही, तिथल्या पोरांना भरतीच्या वेळा तुमच्यापेक्षा चांगल्या पाठ असतील. त्यांना आमच्याकडचा दुष्काळाचा उतारा द्या, चारा छावणीवरचा, आणि 'छावणी' शब्दावर थांबून विचारा. तोफा आणि तंबू निघतात की गुरं, ते मला कळवा.